सिझेरियननंतरचा शिरःशूल : उंची, सुई आणि सूतिकेची परीक्षा

सूतिकेच्या आहारविहाराविषयी सल्ला घेण्यासाठी महाराष्ट्रातील पुष्कळ कुटुंबे आजही वैद्याकडे येतात. प्रसूती मात्र आता बहुतांशी रुग्णालयात होते आणि अनेकदा शस्त्रक्रियेने होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) सिझेरियनचे प्रमाण भारतात २१.५ टक्के, महाराष्ट्रात २५.४ टक्के आणि गोव्यात ३९.५ टक्के नोंदविले गेले. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार मीटरवर वसलेले लेह ज्या प्रदेशात येते त्या लडाखमध्ये ते ३७.६ टक्के होते. यांतील बहुसंख्य शस्त्रक्रिया कमरेतून दिलेल्या मणक्यातील भुलीखाली, म्हणजे रूढ भाषेत ‘स्पायनल’खाली, केल्या जातात. ही भूल माता आणि बालक दोघांच्याही दृष्टीने सुरक्षित ठरली आहे. तिच्यानंतर काही स्त्रियांना होणारी तीव्र डोकेदुखी मात्र पुष्कळदा रुग्णालयातून घरी परतल्यावरच प्रकट होते किंवा वाढते, आणि त्या वेळी सूतिकेच्या उशाशी भूलतज्ज्ञ नसतो. असतो तो वैद्य किंवा गल्लीतील औषधविक्रेता.

या डोकेदुखीचा उंचीशी काही संबंध आहे काय, असा प्रश्न अलीकडे विचारला जातो. उंच प्रदेशांतील रुग्णालयांतून ती अधिक आढळल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. तुर्कस्तानातील एरझुरूम (सुमारे १,९०० मीटर) येथील भूलतज्ज्ञांनी मध्यम उंचीवरील आणि सखल भागातील मणक्यातील भुलीची तुलनाही केली आहे. लडाखमध्ये नेमणुकीवर असलेल्या मराठी जवानांची व अधिकाऱ्यांची कुटुंबे, तसेच माहेरी प्रसूत होऊन पुन्हा पतीच्या ठिकाणी परतणाऱ्या स्त्रिया यांच्यामुळे हा प्रश्न आपल्या दवाखान्यापर्यंतही पोहोचतो. प्रस्तुत लेखात आम्ही त्याचा विचार आधुनिक शरीरक्रिया आणि आपली संहितापरंपरा या दोहोंच्या आधारे करणार आहोत. आमचे प्रतिपाद्य थोडक्यात असे : उंची या डोकेदुखीचे मूळ कारण नाही, पण उंचीमुळे तिचे निदान कठीण होते, आणि निदानात झालेली चूक, मग ती लेहमध्ये होवो वा लातूरमध्ये, सूतिकेच्या जिवावर बेतू शकते.

डोकेदुखी का होते?

मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती मस्तिष्क-मेरुद्रव खेळत असतो. प्रौढ व्यक्तीत तो एका वेळी सुमारे १५० मिलिलिटर असतो आणि दिवसभरात सुमारे ५०० मिलिलिटर नव्याने निर्माण होतो. मणक्यातील भूल देताना सुई या द्रवाला धारण करणाऱ्या दृढ आवरणातून आत जाते. सुई काढल्यावर आवरणाला पडलेले छिद्र लगेच बुजले नाही तर द्रव झिरपत राहतो. द्रवाचा आधार घटल्यामुळे, उठून बसल्यावर मेंदू किंचित खाली ओढला जातो आणि वेदनासंवेदी आवरणे व रक्तवाहिन्या ताणल्या जातात. कवटीतील एकूण आकारमान कायम राखण्यासाठी द्रवाची उणीव रक्तवाहिन्या विस्फारून भरून काढली जाते. त्या विस्फारानेही वेदना होते.

ही व्याधी मणक्यातील भुलीइतकीच जुनी आहे. जर्मनीतील कील येथे ऑगस्ट बिअर यांनी ऑगस्ट १८९८ मध्ये या भुलीखाली शस्त्रक्रिया केल्या आणि त्याच महिन्यात आपले सहकारी हिल्डेब्रांट यांच्यासह स्वतःवरही प्रयोग केला. त्यानंतर बिअर यांना जी डोकेदुखी झाली ती आडवे होताच शमे आणि उठताच परते. ती नऊ दिवस टिकली. मेरुद्रव निसटल्यामुळे हे घडले असावे, असे अनुमान त्यांनी त्याच वेळी केले होते.

लक्षणांचे स्वरूप ठरीव असते. बहुतेक रुग्णांत डोकेदुखी तीन दिवसांच्या आत सुरू होते. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार ती पाच दिवसांच्या आत सुरू झालेली असावी लागते. ती कपाळात वा डोक्याच्या मागच्या भागात असते, मानेत व खांद्यांत उतरते. मान ताठरणे, मळमळणे, कानात आवाज येणे किंवा दडे बसणे आणि क्वचित एका वस्तूच्या दोन दिसणे ही लक्षणे सोबत असू शकतात. सर्वांत महत्त्वाची खूण म्हणजे शरीरस्थितीशी असलेले नाते. उठून बसल्यावर काही मिनिटांत वेदना वाढते आणि सपाट आडवे झाल्यावर तितक्याच लवकर उतरते. अमेरिकेतील व्हॅन्डम आणि ड्रिप्स यांनी १९५६ मध्ये दहा हजारांहून अधिक भुलींचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. त्यात सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांची डोकेदुखी एका आठवड्यात थांबली होती, तसेच स्त्रियांत ती पुरुषांपेक्षा अधिक आढळली होती. तरुण वय आणि स्त्रीत्व ही दोन्ही जोखमीची कारणे सूतिकेत एकत्र येतात.

उंचीचा प्रश्न : दाब, प्राणवायू आणि कोरडेपणा

समुद्रसपाटीवर हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर स्तंभाइतका असतो. एरझुरूमच्या उंचीवर तो सुमारे ६०० आणि लेहच्या उंचीवर सुमारे ५०० मिलिमीटर भरतो. यावरून सहज असा तर्क केला जातो की बाहेरचा दाब कमी झाल्यामुळे मेरुद्रव छिद्रातून अधिक वेगाने बाहेर खेचला जात असावा. हा तर्क ऐकावयास पटणारा असला तरी टिकत नाही. हवेचा दाब शरीरावर सर्व बाजूंनी आणि शरीरातील सर्व द्रवांवर सारखाच पडतो. द्रव गळतो तो आवरणाच्या आतील आणि लगत बाहेरील दाबांमधील फरकामुळे, आणि उंचीवर दोन्ही बाजू सारख्याच घटतात. याउलट आडवी असलेली स्त्री उठून बसली की कमरेच्या ठिकाणचा द्रवदाब पाण्याच्या १०-१५ सेंटिमीटरवरून ४० सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक होतो. म्हणजे लेहला जाण्यापेक्षा अंथरुणावर उठून बसण्यानेच या छिद्रावरचा भार अधिक वाढतो.

असे असले तरी उंची अगदीच उदासीन नाही. तिचे तीन परिणाम वैद्याने लक्षात घ्यावेत.

पहिला परिणाम प्राणवायूचा. दाब घटला की श्वासातून मिळणारा प्राणवायू घटतो, त्यामुळे नव्याने वर आलेल्या व्यक्तीच्या मेंदूतील रक्तवाहिन्या विस्फारू पाहतात. मेरुद्रवाच्या उणिवेने आधीच विस्फारलेल्या वाहिन्यांत ही भर पडली तर वेदना अधिक जाणवणे स्वाभाविक आहे.

दुसरा परिणाम कोरडेपणाचा. उंच प्रदेशातील थंड, रूक्ष हवेत श्वसन जलद होते आणि श्वासावाटे व त्वचेवाटे पाणी नकळत खर्च होते. स्तनपान देणाऱ्या स्त्रीची पाण्याची गरज मुळातच वाढलेली असते. त्यातच ‘बाळंतिणीने पाणी कमी प्यावे’ हा घरगुती नियम कसोशीने पाळला गेला तर शरीरातील द्रवधातू आणखी घटतो.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा परिणाम असा की उंचीची स्वतःची डोकेदुखी असते. साधारणतः २,५०० मीटरच्या वर चढून गेल्यावर ती पहिल्या दिवशीच सुरू होते. श्रमाने, कुंथण्याने आणि वाकण्याने वाढते. आणि खाली उतरल्यावर एका दिवसात थांबते. आडवे झाल्याने तिला तत्काळ उतार पडत नाही. मणक्यातील भुलीनंतरची डोकेदुखी हिच्या नेमकी उलट वागते.

हे लक्षात घेतले म्हणजे उंच आणि सखल ठिकाणांची आकडेवारी वाचताना सावधगिरी का हवी, हे स्पष्ट होते. दोन्ही ठिकाणी सुई एकाच जाडीची व एकाच टोकाची होती काय? रुग्णांना किती दिवस विचारणा केली गेली? प्रत्येक डोकेदुखी मोजली, की केवळ उठल्यावर वाढणारी? स्त्रिया तेथील रहिवासी होत्या, की नुकत्याच आलेल्या? या प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी असतील तर आकड्यांतील फरक उंचीचा आहे असे म्हणता येत नाही.

विमानप्रवासाविषयीही हाच विचार करावा. प्रवासी विमानाच्या आत हवेचा दाब सुमारे १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरील दाबाइतका राखलेला असतो. मणक्यातील भुलीनंतर विमानप्रवासात डोकेदुखी उद्भवल्याच्या रुग्णनोंदी १९७० च्या दशकापासून आढळतात. अशा तुरळक नोंदींवरून नियम बांधता येत नाही. परंतु तासन् तास ताठ बसणे, पाणी कमी पिणे आणि जागरण एवढी कारणे प्रवासात एकत्र येत असताना, डोकेदुखी चालू असलेल्या सूतिकेने प्रवास पुढे ढकलावा हा सल्ला व्यवहार्यच होय.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर येथील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे आणि महाबळेश्वर त्याहूनही खाली, सुमारे १,३७० मीटरवर आहे. तेव्हा आपल्या राज्यातील कोणत्याही गावी सूतिकेच्या डोकेदुखीचे खापर ‘डोंगरावरच्या हवे’वर फोडता येणार नाही.

सुईचे महत्त्व

उंचीपेक्षा कितीतरी पटींनी निर्णायक ठरते ती सुई. जुन्या पद्धतीच्या क्विन्के सुईचे टोक धारदार असते आणि ते आवरणाचे तंतू कापत जाते. व्हिटेकर यांची १९५१ मधील आणि श्प्रोटे यांची १९८७ मधील सुई पेन्सिलीच्या टोकासारखी असून ती तंतूंना बाजूस सारते, त्यामुळे ती काढल्यावर छिद्र लवकर मिटते. ‘लॅन्सेट’मध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संकलित अभ्यासात ११० चाचण्यांतील ३१ हजारांहून अधिक व्यक्तींचा समावेश होता. त्यात धारदार सुईनंतर ११ टक्के आणि बोथट टोकाच्या सुईनंतर ४.२ टक्के व्यक्तींना ही डोकेदुखी झाली. सुई जितकी बारीक तितका धोका कमी. येथे गेजचा आकडा वाढतो तशी सुई बारीक होते, हे ध्यानात असावे. प्रसूतिवेदना कमी करण्यासाठी वापरली जाणारी एपिड्युरल सुई जाड असते. तिने आवरणाला चुकून छिद्र पडल्यास निम्म्याहून अधिक स्त्रियांना डोकेदुखी होते.

पेन्सिलटोकी सुई महाग असल्याने लहान रुग्णालयांत ती सर्रास वापरली जात नाही. प्रसूतीपूर्वी सल्ल्यासाठी येणाऱ्या दांपत्याला आपण वैद्यांनी एवढे जरूर सुचवावे की भूलतज्ज्ञाशी सुईच्या प्रकाराविषयी आधीच बोलून घ्या. त्या संभाषणाला पाच मिनिटे लागतात.

संहितांच्या प्रकाशात

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सतराव्या अध्यायात शिरोरोगाचे पाच प्रकार सांगितले. सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात अकरा सांगितले असून त्यांत क्षयज शिरोरोगाचा स्वतंत्र निर्देश आहे. शिरातील वसा, कफ, रक्त इत्यादींच्या क्षयाने होणारा हा शूल कष्टप्रद आणि अतिशय उग्र असतो, असे वर्णन तेथे आढळते. त्याहून लक्षणीय आहे ती अनुपशयाची नोंद. स्वेदन, वमन, धूम, नस्य आणि रक्तमोक्षण यांनी हा शूल वाढतो, असे आचार्य सांगतात. चिकित्सेत बृंहण विधी आणि वातघ्न, मधुर द्रव्यांनी सिद्ध केलेले घृत यांना स्थान आहे.

मस्तिष्क-मेरुद्रव आणि तर्पक कफ यांचे साम्य अनेक आयुर्वेदीय लेखकांनी दाखविले आहे. ते आम्ही विचाराच्या सोयीपुरतेच स्वीकारतो, कारण सुईच्या छिद्रातून होणारी गळती आचार्यांसमोर नव्हती. तथापि द्रवाच्या ऱ्हासातून होणारा शूल क्षयाच्या अंगाने पाहिला तर एक अत्यंत उपयुक्त इशारा हाती लागतो. आपल्या घराघरांतील सूतिकोपचार आठवून पाहावा. अंगाला तेल लावून कढत पाण्याने स्नान, नंतर शेगडीचा शेक, ओवा-वावडिंगाची धुरी, डोक्याला घट्ट रुमाल आणि कानात कापूस. निरोगी सूतिकेच्या वातशमनासाठी ही योजना मर्यादेत ठीक आहे. क्षयज शिरःशूल असलेल्या सूतिकेला मात्र त्यांतील स्वेद आणि धूम हे नेमके सुश्रुतांनी वर्ज्य केलेले उपचार ठरतात. तिला ताठ बसवून शेक देणे म्हणजे वेदना वाढविणारी स्थिती आणि वेदना वाढविणारा उपचार दोन्ही एकाच वेळी देणे होय.

नस्याविषयीही स्पष्टता हवी. वाग्भटाचार्यांनी अष्टाङ्गहृदयाच्या सूत्रस्थानात नस्यास अयोग्य व्यक्तींमध्ये सूतिकेची गणना केली आहे. ‘डोके दुखते, म्हणून षड्बिंदू तेलाचे दोन थेंब’ ही सवय इतरत्र कितीही फलदायी ठरत असली, तरी पहिल्या दिवसांतील सूतिकेत ती शास्त्रविरुद्ध आहे.

उंचीच्या संदर्भात काश्यपसंहितेचे स्मरण होते. तिच्या खिलस्थानात सूतिकेच्या चौसष्ट रोगांचा निर्देश आहे आणि सूतिकोपचार आनूप, जांगल व साधारण अशा देशभेदाने वेगळे सांगितले आहेत. सर्व सूतिकांना एकच पथ्य लागू करू नये, हा त्यामागील बोध आहे. लेहसारखा शीत, रूक्ष आणि वातबहुल प्रदेश डोळ्यांसमोर आणला तर कोकणातील दमट हवेसाठी रूढ झालेला शेक, अल्पजलपान आणि रूक्षण यांचा कार्यक्रम तेथे जसाच्या तसा राबविणे देशविचाराला सोडून होईल. तेथे स्निग्ध, उष्ण, द्रवप्रधान आहार, निवात निवास आणि पुरेसे कोमट जल यांनाच अग्रक्रम द्यावा लागेल.

प्रत्येक डोकेदुखी सुईची नसते

येथे आम्ही वाचकांचे लक्ष विशेषत्वाने वेधू इच्छितो. ‘कमरेत इंजेक्शन दिले म्हणून डोके दुखते’ हे वाक्य एकदा उच्चारले गेले की घरचे आणि वैद्य दोघेही निश्चिंत होतात. त्या निश्चिंतीआड पुढील व्याधी दडून राहू शकतात.

१. प्रसूत्युत्तर उच्च रक्तदाब. गरोदरपणातील रक्तदाबाचा विकार प्रसूतीनंतरही, अगदी सहा आठवड्यांपर्यंत, प्रकट होऊ शकतो. डोळ्यांसमोर काजवे, अंधुक दिसणे, पोटात वरच्या भागी वेदना आणि सूज ही त्याची लक्षणे. रक्तदाब १४०/९० किंवा अधिक असल्यास त्याच दिवशी रुग्णालय. १६०/११० असल्यास क्षणाचाही विलंब नको. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात सुमारे ३,१०० मीटर उंचीवरील वस्तीत हा विकार सखल भागापेक्षा अधिक आढळला आहे. म्हणून उंचावरील सूतिकेत रक्तदाब मोजण्याचे महत्त्व दुणावते.

२. मेंदूतील नीलांमध्ये रक्ताची गुठळी. प्रसूतीनंतर रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. शरीर शुष्क असेल तर आणखी वाढते. दक्षिण भारतातील मज्जाविकारतज्ज्ञांनी १९८० च्या दशकातच सूतिकांमधील या विकाराकडे लक्ष वेधले होते. उंचीवर रक्तातील लाल पेशी वाढून रक्त दाट होते, आणि दीर्घकाळ उंचावर राहिलेल्या जवानांत गुठळ्यांचे प्रमाण वाढल्याचे भारतीय लष्करी वैद्यकाने नोंदविले आहे. सतत वाढत जाणारी, आडवे झाल्यावरही न उतरणारी डोकेदुखी, झटके, हातापायांत अशक्तपणा किंवा बोलण्यात अडखळणे ही याची चिन्हे.

३. मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव. मेरुद्रव घटल्याने ताणलेल्या शिरा क्वचित फाटतात. आधी बसल्यावर वाढणारी डोकेदुखी पुढे कोणत्याही स्थितीत कायम राहू लागली, तर हा बदल अत्यंत गंभीर मानावा. अमेरिकेतून २०१९ आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासांनी या डोकेदुखीचा आणि अशा रक्तस्रावाचा संबंध अधोरेखित केला आहे.

४. मस्तिष्कावरणशोथ. ताप, थंडी, मान ताठ होणे, उजेड सहन न होणे, ग्लानी.

५. साधी डोकेदुखी, अर्धशिशी, जागरण व उपवास. या सर्वांत अधिक आढळतात. पण वरील चार वगळल्यावरच हे निदान करावे.

उंचावरील सूतिकेला आणखी एक प्रश्न विचारावा : ‘येथे येऊन किती दिवस झाले?’ जी स्त्री कित्येक महिने लेहमध्ये राहते आणि तेथेच प्रसूत होते, तिची चौथ्या दिवशीची डोकेदुखी नव्याने चढून आल्याची असू शकत नाही. जी माहेरी प्रसूत होऊन विमानाने थेट लेहला उतरली, तिच्या बाबतीत दोन्ही शक्यता तपासाव्या लागतात.

वैद्याने काय करावे?

परीक्षा सोपी आहे. रुग्णेला पंधरा मिनिटे बसवावे, नंतर पंधरा मिनिटे सपाट निजवावे आणि वेदनेतील बदल टिपावा. नाडीबरोबर रक्तदाब आणि ताप मोजावा. दृष्टी, वाणी, हातापायांचे बळ पाहावे. रुग्णालयाच्या पत्रावर भुलीचा प्रकार नोंदलेला असतो, तो वाचावा.

वेदना केवळ बसल्यावर वाढत असेल, रक्तदाब व ताप प्राकृत असतील आणि त्रास सौम्य असेल तर विश्रांती, पुरेसे द्रव आणि वेदनाशामक यांवर काही दिवस थांबता येते. मात्र त्याच दिवशी संबंधित भूलतज्ज्ञास कळवावे. निजून राहिल्याने वेदना शमते एवढेच. त्याने डोकेदुखी टळत नाही. चोवीस तास उशीविना सक्तीने निजवून ठेवण्याच्या जुन्या प्रथेस पुराव्याचा आधार मिळालेला नाही. उलट सूतिकेला दीर्घकाळ खिळवून ठेवल्यास पायांत गुठळी होण्याचा धोका वाढतो. द्रवही प्राकृत गरजेइतके द्यावेत. अतिरेकी पाणी पाजून छिद्र लवकर बुजत नाही.

आहारात पेया, मूगाचे कढण, दूध, तूप, साळीच्या लाह्यांचे पाणी, खारीक-बदामाची खीर असा बृंहण आणि द्रवप्रधान क्रम ठेवावा. अभ्यंग रुग्णेला निजवूनच, हलक्या हाताने करावा. शेक, धुरी, शिरोधारा आणि नस्य डोकेदुखी पूर्ण थांबेपर्यंत स्थगित ठेवावेत. मूल पाजण्यासाठी कुशीवर निजून पाजण्याची पद्धत शिकवावी. उठून बसण्याच्या भीतीने स्तनपान तुटलेल्या कित्येक माता एवढ्या सूचनेने सावरतात.

वेदनेमुळे बाळाला घेणे, पाजणे किंवा नैसर्गिक विधींसाठी उठणे अशक्य होत असेल तर वाट पाहू नये. अशा वेळी भूलतज्ज्ञ रुग्णेच्याच हातातून निर्जंतुक रीतीने घेतलेले साधारण १५ ते २० मिलिलिटर रक्त कमरेत आवरणाबाहेरील पोकळीत सोडतात. ते रक्त गोठून छिद्राला जणू ठिगळ लागते. ही पद्धत गॉर्मली यांनी १९६० मध्ये मांडली. बहुसंख्य रुग्णांना तिने आराम पडतो. काहींना ती पुन्हा करावी लागते. ‘पुन्हा कमरेत सुई नको’ अशी कुटुंबाची भीती असते. ती दूर करण्यात कुटुंबाचा विश्वास लाभलेल्या वैद्याचा शब्द मोलाचा ठरतो.

औषधविक्रेत्यांसाठी

‘बाळंतिणीचे डोके दुखते, एक गोळी द्या’ असे म्हणत येणाऱ्या नातेवाइकाला तीन प्रश्न विचारावेत : प्रसूतीला किती दिवस झाले, भूल कमरेतून दिली होती काय, आणि रक्तदाब कधी मोजला. उत्तर समाधानकारक नसेल तर औषधाऐवजी रुग्णालयाचा रस्ता दाखवावा.

पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन ही योग्य मात्रेत स्तनपानाच्या काळात सामान्यतः सुरक्षित मानली जातात. परंतु रक्तदाब, मूत्रपिंड वा आम्लपित्ताचा त्रास असल्यास आयबुप्रोफेन डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावे. कोडीन आणि ट्रामाडॉल यांचा वापर स्तनपान देणाऱ्या मातांनी टाळावा, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये दिला आहे. अर्गटयुक्त डोकेदुखीच्या गोळ्या सूतिकेला कदापि देऊ नयेत. त्यांनी रक्तदाब वाढतो. कॅफिनने काहींना तात्पुरता उतार पडतो, म्हणून दिवसात एक-दोन कप चहा-कॉफीस हरकत नाही. परंतु कॅफिनयुक्त गोळ्या त्यावर आणखी देऊ नयेत, कारण ते दुधावाटे बाळापर्यंत जाते.

आयुर्वेदीय औषधांच्या विक्रीतही हाच विवेक हवा. शिरःशूलादिवज्र रसासारखे पारद व ताम्र असलेले कल्प निदान न झालेल्या सूतिकेस काउंटरवरून देणे अनुचित आहे. दशमूलारिष्ट किंवा बाळंतकाढा चालू असला तरी तो या डोकेदुखीवरचा उपाय आहे अशी समजूत ग्राहकाच्या मनात राहू देऊ नये.

समारोप

उंची, हवामान आणि देश यांचा विचार आपल्या शास्त्राच्या रक्तातच आहे, म्हणून उंचीच्या प्रश्नाविषयी वैद्यांना कुतूहल वाटणे साहजिक होय. त्या विचाराचा योग्य उपयोग असा की उंचावरील सूतिकेत रूक्षता, प्राणवायूची उणीव, रक्तदाब आणि रक्ताचे दाटपण यांकडे अधिक जागरूकतेने पाहावे. डोंगराला दोष देऊन निदान थांबवू नये.

आमची सर्व सभासदांना विनंती आहे की सूतिकेच्या केसपेपरवर यापुढे चार नोंदी नियमाने कराव्यात : भुलीचा प्रकार, डोकेदुखी सुरू झाल्याचा दिवस, बसल्यावर व निजल्यावर होणारा फरक, आणि रक्तदाबाचा आकडा. या नोंदींना काही मिनिटे आणि एक रक्तदाबमापक यंत्र यांपलीकडे खर्च नाही. रुग्णेला रुग्णालयात पाठविताना याच चार ओळी चिठ्ठीवर लिहून दिल्या, तर तेथील डॉक्टरांचा मौल्यवान वेळ वाचेल आणि आपल्या सल्ल्याचे वजनही त्यांना कळेल. सूतिका आपल्याकडे विश्वासाने येते. तिची डोकेदुखी कोणती आहे हे ओळखून तिला वेळेत योग्य दारी पोहोचविणे हीसुद्धा चिकित्साच होय.